शुभेच्छुकांची रांग

"मालकांचा फोटू गावंना," नाथाजी म्हणाला.

राजनंदिनीला हसूच आलं. हंबीररावांचा, म्हणजे तिच्या पप्पांचा फोटो कवठे महांकाळात कुठं नव्हता? त्यांच्या दुकानातून वाढदिवसाचा कुठलाही फ्लेक्स छापून गेला की शुभेच्छुकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी पप्पा असायचेच. गुलाबी फेटा, मिशीत हसू. आज लालासाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागायचा होता, आणि 'वाढदिवस' फोल्डरमध्ये पप्पा नव्हते.

"थांबा काका. तुम्ही शोधत नाही, नुसते बघत बसता."

सुट्टी लागल्यापासून आतल्या मोठ्या कॉम्प्युटरची खुर्ची तिचीच झाली होती. दुकानाचे सगळे फोल्डर त्याच्यावर होते. नाथाजी डिझाइन करताना आणि पप्पा काउंटरवरून, आपापल्या कॉम्प्युटरवर तेच उघडायचे. तिनं नाव टाकून शोधलं.

फोटो सापडला. 'श्रद्धांजली' फोल्डरमध्ये.

नाथाजी उठून उभाच राहिला. माणूस गेला की त्याचा फोटो 'वाढदिवस'मधून काढून इकडं टाकायचा, हे काम त्याचं होतं. कॉपी नाही, कट. एकदा तो विसरला होता, आणि वारलेला माणूस कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर रांगेत हसत शुभेच्छा देत उभा राहिला. त्याची बायको त्या फ्लेक्सखाली येऊन बसली, उठेना. तेव्हापासून दोन फोल्डर, आणि दोन्हीकडं एकच चेहरा कधी नाही.

"जित्या माणसाला तिकडं कुणी टाकला?" नाथाजी हळू आवाजात म्हणाला. "मी न्हाई गं पोरी. देवाशपथ न्हाई."

"कुणीतरी चेष्टा केली असणार. थांबा, आत्ता पकडते त्याला."

तिनं फोटो ओढून परत 'वाढदिवस'मध्ये आणला. मग शाळेत सरांनी दाखवलेली ती यादी उघडली. कुणाच्या नावानं कुठला फोल्डर उघडा आहे, सगळं त्यात दिसायचं. सर असे वर्गावर लक्ष ठेवायचे. आता ती ठेवणार होती. एकदम भारी वाटलं तिला.

यादीत एकच ओळ होती. नाथाजी, वाढदिवस.

"बघ, मी हितंच हाय," नाथाजी म्हणाला.

मग खाली दुसरी ओळ उमटली.

हंबीरराव, श्रद्धांजली.

तिनं 'वाढदिवस' उघडून पाहिलं. फोटो पुन्हा गेला होता. तिच्या डोळ्यांदेखत, आवाज न करता.

काचेपलीकडं काउंटरवर पप्पा एकटेच बसले होते. चष्मा कपाळावर, हात माउसवर. पडद्याचा निळा उजेड तोंडावर पडला होता, त्यामुळं तेच फोटोतले वाटत होते.

ती बाहेर गेली. "पप्पा, तुम्ही टाकला फोटो तिकडं?"

त्यांनी लपवलं नाही. "मिरजंच्या दवाखान्याचा रिपोर्ट आलाय," ते म्हणाले. "तुझ्या आईला अजून बोललो न्हाई. तू पण बोलू नगंस."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"औषध चालू करू म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते बोलताना."

छापायचं मशीन आत करकरत होतं.

"मागनं हे काम नाथाजीवर येणार. न्हाईतर तुझ्यावर," पप्पा म्हणाले. "म्हटलं, आपलं आपण करून ठेवावं. नाथाजीचं काय खरं न्हाई, रडत बसंल अन् विसरंल. मग मी बसतोय रांगेत हसत, अन् तुझी आई फ्लेक्सखाली."

"मग लालासाहेबांच्या फ्लेक्सवर?"

"यंदा माझ्याबिगर छापा."

ती आत आली. नाथाजी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "काका, फोटो देते मी. शेवटी नाही, मधे घ्या. मोठा घ्या."

तिनं फोटो पुन्हा 'वाढदिवस'मध्ये ओढला. कट. आणि ती यादीकडं बघत बसली. 'हंबीरराव, श्रद्धांजली' ही ओळ तशीच होती. फोल्डर उघडा होता, पण ते फोटो परत नेत नव्हते. नुसते बघत असावेत, बाकीच्यांना. तिनं यादी रिफ्रेश केली. ओळ होती. पुन्हा केली. होती. नाथाजीनं लालासाहेबांच्या गळ्यात हार चढवला, खाली रांग लावली, तो काहीतरी विचारत होता. तिला ऐकू येत नव्हतं.

पुन्हा केली.

ओळ नव्हती.

खुर्ची मागं कलंडली. काचेचं दार ढकलून ती बाहेर धावली. काउंटरचा पडदा काळा होता, आणि खुर्ची रिकामी.

पप्पा पायरीवर चपला घालत होते.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही कुठं निघालाय?"

"चा सांगाय चाललोय. तुला पायजे?"