जावयाचं पोट

धोंड्याच्या महिन्यात जावई जेवायला आला आणि पुरणाचा एक धोंडा खाऊन त्यानं ताटावर हात आडवा धरला. सरोजिनीबाईंचा चेहरा उतरला.

"काही चुकलं का, श्रीरंगराव?"

"नाही हो आई. पोट गच्च भरलंय. माझं नाही, मृण्मयीचं." त्यानं मनगटावरची पट्टी दाखवली.

अडीच वर्षांची मृण्मयी जेवायला बसली की रडायची, म्हणून डॉक्टरांनी बापलेकीला एकेक पट्टी बांधली होती. लेकीच्या पोटाला जे वाटेल, तेच बापाच्या पोटाला. पहिल्याच दिवशी त्याला कळलं, की चार घासांत तिचं पोट भरतं आणि पुढचे घास आपण नुसते कोंबत होतो.

"मग काढा ना ती घटकाभर."

"महिनाभर काढायची नाही म्हणालेत."

पहाटे उठून पुरण वाटलेलं. सरोजिनीबाईंनी पदर खोचला, नातीला अंगणात नेलं आणि शिवणापाणीचा डाव मांडला. आजीला पळताना पाहून मृण्मयी खिदळत सुटली.

बऱ्याच वेळानं, पानावरच बसून राहिलेल्या श्रीरंगच्या पोटात कावळे ओरडू लागले. तेवढ्यात मृण्मयी धावत आली, त्याच्या मांडीवर बसली आणि कुणी न सांगता शेजारच्या भांड्यातला धोंडा उचलून खाऊ लागली.

सरोजिनीबाईंनी सवयीनं दुसरा वाढायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. आजवर पंगतीत त्यांनी कुणाला विचारून वाढलं नव्हतं.

"वाढू का?"

श्रीरंगनं क्षणभर पोटाचा अंदाज घेतला.

"वाढा," तो म्हणाला, "दोघांनाही."