कालप्रवाशाचा घसा

स्टुडिओच्या फरशीवर स्टीलची परात गरगरली. त्या आवाजासरशी श्रुतिकेतलं कालयान उतरलं. बारा वर्षं कालप्रवाशाचं काम करणारा सुधन्वा घशाच्या ऑपरेशननंतर प्रथमच माइकसमोर बोलला. आवाज पार फाटला होता.

काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "श्रोते ओळखणार नाहीत रे. दुसरा कुणीतरी बघावा लागेल."

सुधन्वानं संहिता मिटली. तेवढ्यात त्याची सहप्रवासी झालेली इरावती संहितेत नसलेलंच बोलली, "मेल्या, यानातून उतरून दोन मिनिटांत येतो म्हणून गेलास! आवाजसुद्धा म्हातारा झाला. किती वर्षं लावलीस?"

सुधन्वा माइककडे वळला. "चाळीस. आणि तू अजून इथेच उभी?"

"मग यान कोण सांभाळणार?"

दिग्दर्शकानं बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. रेकॉर्डिंग चालूच राहिलं. कोपऱ्यातल्या इफेक्टवाल्या काकांनी, कुणी न सांगता, परात पुन्हा गरगर फिरवली.