पाठीतला पेंढा

कार्निव्हलच्या पहाटे बँश गावात ढोल सोंगं घेतलेल्यांना गोळा करत दारोदार फिरतो. गिस्लेनच्या दाराशीही तो दरवर्षी थांबायचा. तिने अंगरख्याच्या पाठीपोटात पेंढा भरून सजवलेला तिचा मुलगा रेमी बाहेर आल्याशिवाय हलायचा नाही. रेमी उन्हाळ्यातच वारला. यंदा त्याच्या खोलीत कार्निव्हल बघायला आलेली पोर्तुगालची पाहुणी उतरली होती.

तरीही ढोल दाराशी येऊन थांबला.

"अरे फर्मँ, पुढे हो ना!" गिस्लेन खिडकीतून कळवळली. "का छळतोस? कोण उरलंय आता माझ्या घरात?"

ढोलवाला फर्मँ मान वर करेना.

तेवढ्यात पाहुणी हसत जिना उतरली. केसांत पेंढ्याच्या काड्या.

"काकू, किती गोड मुलगा हो तुमचा! म्हणाला, आई रडत बसेल, यंदा पेंढा तूच भर."

बाहेर ढोल हलला.