आवराआवर

पडद्यावर पुन्हा पाचच आलं.

नाबुकीराने चाचणीसाठी एका बाळाचं वजन भरलं होतं ५.८ किलो. पॉइंटनंतरचं कुठेतरी गळून जात होतं. चूक तिला सकाळीच सापडली होती, तिने ती दुरुस्तही केली होती, आणि तरी पाच.

शेजारच्या खोलीत मुकोनोच्या दवाखान्यातून आलेल्या नर्सा चहा पीत बसल्या होत्या. वजन नीट दिसलं तरच त्या हा प्रोग्राम तिथे घेणार होत्या.

तिच्यासोबत काम करणारा लुब्वामा खुर्ची सरकवत आला. "अजून पाच? नर्सा विचारतील, बाळाचे आठशे ग्रॅम कंपालात कुणी खाल्ले?"

"तूच. तोंड पूस, आम्लेट लागलंय."

फोन थरथरला. सासूबाई.

"आजही दूध नाही घेतलं गं तुझ्या मुकिसाने. एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो, थुंकतो. आता तर बाटली दिसली की मान फिरवतो."

"रात्री माझ्याजवळ नीट पितो की, आई."

"रात्री ऊब असते म्हणून. बाटलीतलं त्याला नकोच झालंय. मी दुकानात निघालेय, पावडरचा डबा आणते."

"दुपारपर्यंत थांबा ना."

"मी थांबेन. त्याच्या पोटाला तू येऊन सांग, थांब म्हणून." फोन बंद झाला.

नाबुकीराची छाती ठणकत होती. आतल्या खोलीत कडी लावून मघाशी काढलेल्या दुधाची बाटली तिच्या पायाशी, बर्फाच्या डब्यात होती. कुणासाठी काढली, असं मनात आलं आणि तिने घाईघाईने कीबोर्ड पुढे ओढला.

मग या कामातली माणसं वैतागली की जे करतात ते तिने केलं. मुद्दाम मोडलं. वजन दाखवणारी ओळच खोडून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. आता रकाना रिकामा दिसायला हवा होता.

पाच. काहीच झालं नसल्यासारखं, पाच.

"हा माझं लिहिलेलं वाचतच नाहीये," ती म्हणाली.

खोडलेली ओळ तिने परत आणली आणि प्रोजेक्टची सेटिंग उघडली. लिहिलेला जावा प्रोग्राम यंत्राला कळेल असा तयार झाला की एका ठरलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. सर्व्हर तिथून उचलतो आणि पडद्यावर वाढतो. इथे तयार झालेलं सगळं एका नव्याच फोल्डरमध्ये साचत होतं. सर्व्हरला मात्र जुन्याचाच पत्ता दिलेला होता.

"लुब्वामा! हे फोल्डर कुणी बदललं?"

"मी. तू बाळंतपणाला गेलीस तेव्हा जरा आवराआवर केली. काय पसारा होता, बाई, तुझा!"

"आणि सर्व्हरला कोण सांगणार? तो बिचारा रोज जुन्याच जागी हात घालतोय. शिळं सापडतं, शिळं वाढतो. ताजं इकडे पडून! जागा बदलली तर सांगावं ना माणसाने. त्याला कसं कळणार?"

"चुकलं, मालकीणबाई."

तिने सर्व्हरला नवा पत्ता दिला, जुनं फोल्डर रिकामं केलं आणि पुन्हा चालवलं.

५.८.

"सापडले!" लुब्वामाने टाळी वाजवली. "नर्सांना बोलावतो. आठशेच्या आठशे सापडले!" तो धावत गेलासुद्धा.

नाबुकीरा हलली नाही. पॉइंटनंतरच्या त्या आठाकडे बघत राहिली. रविवारी शिजवलेल्या केळ्यांच्या मटोकेचं मोठं पातेलं ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने फ्रिज आवरला होता. दुधाच्या ताज्या बाटल्या तेव्हापासून ती वरच्या कप्प्यात ठेवत होती. जुन्या खालीच राहिल्या होत्या. वीज तर रोजच जात होती.

तिने सासूबाईंना फोन लावला. तो वाजत राहिला. दारातून नर्सा आत येऊ लागल्या. सगळ्यांत पुढची, जाड चष्म्याची, म्हणाली, "हं, दाखवा बघू बाळाचं वजन."

नाबुकीराने पडद्याकडे बोट केलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"काय गं? दुकानाच्या दारात आहे मी." मागून मोटरसायकलींचा आवाज येत होता.

"आई, दूध कुठल्या कप्प्यातनं काढता?"

"कुठल्या म्हणजे? खालच्या. तूच तर दाखवला होतास."