श्रीरंगच्या जन्माचा तास

आठवणींची टोपी घरोघरी आल्यापासून बायका विरजण मागावं तशा एकमेकींकडे आठवणी मागत. देणारीचं काही कमी होत नसे. मात्र अख्खा तास जसाच्या तसा द्यावा लागे, त्यातलं काही वगळता येत नसे.

सुलभाताई कुठलीही आठवण देत, मुलाच्या, श्रीरंगच्या, जन्माची सोडून. "एकोणीस तास कळा सोसल्या मी! हल्लीच्या मुली टेबलावर झोपतात, उठतात तेव्हा बाळ तयार." हे त्या सुनेला, केतकीला, ऐकवत आणि डिंकाचा मोठा लाडूही तिलाच देत.

सिझरच्या वेळी केतकीला पूर्ण भूल दिली होती. लेकीचं पहिलं रडणं कसं होतं, हे ती भेटेल त्याला विचारी. बारशाच्या दुपारी तिने मालिशवालीलाही विचारलं, तेव्हा सुलभाताईंनी आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

पिवळा दिवा. संथ पंखा. कमरेत कुणीतरी सावकाश जातं फिरवत होतं. मग केतकीच्याच तोंडून सासूबाईंचा कोवळा आवाज किंचाळला, "डॉक्टर, पोट फाडा, पण सोडवा हो मला!" आणि एकदम बारीक, चिडकं रडणं. सगळं अंग पाण्यावर तरंगल्यासारखं हलकं झालं.

टोपी निघाली. सुलभाताई पाळण्याची दोरी घट्ट धरून बसल्या होत्या.

"सगळं ऐकलंस?"

"रडणं तेवढं ऐकलं, आई. श्रीरंग तेव्हापासूनच चिडका आहे तर!"

सुलभाताई हसल्या. एकोणीसचा आकडा त्यानंतर त्या घरात कुणी ऐकला नाही.