मास्तरांची पकड

पेटीतली माती बदलायची होती, आणि त्यासाठी आधी साप बाहेर काढायला हवा होता. लेकीनं झाकण सरकवलं. मास्तर शेजारी स्टुलावर बसून बघत होते. उजव्या हाताला बँडेज, अंगठ्याचं वरचं पेर गेलेलं. रजा अजून पंधरा दिवस शिल्लक होती, पण घरी बसतील तर ते मास्तर कसले.

सर्पालयात तीस वर्षं काढलेला माणूस. डोक्यामागे दोन बोटांत साप कसा धरायचा, हे त्यांनी चाळीसेक जणांना शिकवलं. शेवटची शिष्या ही घरचीच. आणि अशा माणसाला चावला कोण, तर सर्पालयात नव्यानंच आलेला, मातीत बिळं करून राहणारा, करंगळीएवढा जाड, दिसायला अगदी गरीब असा काळा साप. "पकड सुटली. वय झालं, दुसरं काय," असं मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं. लोक हळहळले. वयाचं कारण कोण खोटं ठरवणार?

लेकीनं माती बाजूला केली. साप कोपऱ्यात होता, नाक मातीत खुपसून, मान वर वाकवून. अगदी आयती मान. तिचा हात खाली गेला आणि बोटं आपोआप जुळली, हुबेहूब बापासारखी.

"थांब."

"बाबा, मी नाही सोडणार त्याला. माझी पकड तुमच्यासारखी ढिली नाही."

"आधी हात वर घे."

आवाजच असा होता की तिनं घेतला. मास्तर उठून पेटीपाशी आले आणि सापाकडे बघत राहिले. तिच्याकडे बघून त्यांना बोलता आलं नसतं.

"पकड सुटली नव्हती," ते म्हणाले. "मी बरोबर धरला होता. तुला शिकवलं अगदी तसाच. याचा दात तोंड मिटलेलं असतानाच बाजूनं बाहेर येतो गं. मान जराशी हलवली की घुसला बोटात. दवाखान्यात पडल्यापडल्या वाचलं मी. याला हातात धरायचंच नसतं. आणि याच्या विषावर इंजेक्शनही नाही."

"मग खोटं का सांगितलंत?"

"पडलो तरी नाक वर, दुसरं काय. म्हातारा म्हणा, चालेल. पण मास्तरला माहीतच नव्हतं, हे नाही सांगवलं." ते थांबले. "आत्ता तुझा हात खाली गेला ना, मग मात्र लपवून ठेवता येईना."

राग तर तिला आलाच. पण बापाची हनुवटी थरथरताना ती पहिल्यांदाच बघत होती, आणि मग तिला रागावता येईना.

"मग काढायचा कसा, ते सांगा."

"छोटं फावडं घे. मातीसकट उचल आणि डब्यात सोड. हात लांब ठेव."

तिनं तसंच केलं. साप मातीबरोबर डब्यात उतरला आणि खाली खाली शिरत दिसेनासा झाला. तिनं झाकण लावून खिट्टी घातली. मग हात धूत, पाठमोरीच म्हणाली,

"बाबा, बाकीच्यांचं काय?"

मास्तर डाव्या हातानं उजवा खिसा चाचपू लागले. फोन काही निघेना. तिनं हात पुसले, फोन काढला आणि विचारलं, "सगळ्यात आधी कुणाला शिकवलंत?" त्यांनी सांगितलं. तिनं नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"मास्तर? हात कसा आहे आता?"

"हात राहू दे," मास्तर म्हणाले. "तुला मी एक गोष्ट चुकीची शिकवलीय. कागद घे, सांगतो."