फाटकावर रडणारी मुलं

फाटक वीस पावलांवर असताना त्या मुलीचा खालचा ओठ बाहेर आला आणि थरथरायला लागला. फाटकमावशींनी तो लांबूनच हेरला. एकोणीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

त्यांचं काम एका वाक्यात सांगता यायचं. या मनोरंजन नगरीतून एकही मूल रडत बाहेर पडता कामा नये. नगरी उभारणाऱ्या थोरल्या साहेबांचं म्हणे तेच स्वप्न होतं. साहेब गेल्यावर त्यांच्या कपाटात एक वही सापडली होती. वर मथळा, ‘फाटकावर रडणारी मुलं’. खाली रोजचे आकडे. चाळीस, बावन्न, सदतीस. एका दिवसापुढे शून्य, आणि त्या शून्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढलेल्या. नव्या साहेबलोकांनी वही कपाळाला लावली, डोळे टिपले आणि ध्येय ठरवून टाकलं : रोज शून्य. मग तज्ज्ञ आले, तज्ज्ञांचा अहवाल आला आणि फाटकाच्या अलीकडे ‘आनंद कक्ष’ नावाची बिनखिडकीची खोली आली. रडणारं मूल आत न्यायचं, तोंडात लॉलीपॉप द्यायचा, हसल्याशिवाय सोडायचं नाही. आईवडिलांसाठी बाहेर बाक होता. बाकावर जीव कंटाळू नये म्हणून समोर खेळण्यांचं दुकान होतं.

गेली अकरा वर्षं आकडा शून्य होता. थोरल्या साहेबांची बाकीची स्वप्नंही अशीच जपली होती. त्यांनी लावलेल्या बागेत आता एक हॉटेल होतं आणि तळ्याच्या जागी त्याहून मोठं दुसरं. पाळण्यांच्या रांगेत उभं राहायचं नसेल, तर जादा पैसे भरून मनगटावर सोनेरी पट्टा बांधून मिळायचा. पट्टेवाले इतके वाढले की आता त्यांचीही वेगळी रांग लागायची. ती जास्त हळू सरकायची, पण तिच्यावर छत होतं.

आज मात्र मावशींची परीक्षा होती. थोरल्या साहेबांची मुलगी, ब्याऐंशी वर्षांच्या ताईसाहेब, पाहणीला आल्या होत्या. वडिलांचं नाव फाटकावर ठेवायचं की काढून घ्यायचं, हे त्या संध्याकाळी सांगणार होत्या. मॅनेजरने सकाळीच मावशींना बाजूला घेतलं होतं.

“मावशी, आज एक जरी पोर भोकाड पसरत गेलं ना, तर त्याच्या मागोमाग तुम्ही. कायमच्या.”

मावशींच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि नेमकं ताईसाहेबांच्या समोरच त्या मुलीने भोकाड पसरलं.

“अगं, गप्प! लोक बघतायत,” तिची आई म्हणाली. वडिलांनी तिला उचललं, तशी तिने पाय झाडले. मावशी लॉलीपॉपचा कागद काढत पुढे झाल्या. तेवढ्यात ताईसाहेबांनी काठी आडवी धरली.

“का रडतेय ती?”

“रडत नाहीये, ताईसाहेब,” मॅनेजर म्हणाला. “जरा भावना अनावर झाल्यात. आत्ता हसेल बघा.”

“हसवताय कशाला? रडू दे की!” ताईसाहेब खुदकन हसल्या. “आमचे बाबा रोज संध्याकाळी इथेच उभे राहायचे. घरी जायचं नाही म्हणून किती मुलं रडतात, ते मोजत. पन्नासच्या वर गेली की स्वारी खूश. एकदा एकही रडलं नाही, तर दोन दिवस जेवले नव्हते.”

मॅनेजरच्या डोळ्यांपुढून अकरा वर्षांची शून्यं एका रांगेत सरकत गेली. पण माणूस उगाच मॅनेजर होत नाही.

“अगदी हेच!” तो म्हणाला. “हेच तर आम्ही प्राणपणाने जपलंय, ताईसाहेब! बघा ना, पोरीचा पाय निघत नाहीये इथून.”

ताईसाहेबांचे डोळे भरून आले. “मग राहू दे बाबांचं नाव,” त्या म्हणाल्या आणि काठीवर भार देत मुलीकडे वाकल्या. “काय गं बाळ, घरी नाही ना जायचं?”

मुलीने जोरजोरात मान हलवली. मॅनेजर टाळ्या वाजवायचाच काय तो राहिला.

“का बरं नाही जायचं?”

आता मॅनेजरने मावशींकडे बघून डोळे वटारले. तोंड बंद करा तिचं. मावशी गुडघ्यावर बसल्या. लॉलीपॉप मुलीच्या ओठांपासून बोटभर अंतरावर आला. इतक्या जवळून त्यांनी कुठल्याही मुलाकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. मुलीचं नाक उन्हाने लालबुंद झालं होतं, पण दोन्ही वेण्या सकाळी घातल्या तशाच होत्या. एक केस इकडचा तिकडे नाही. पाळण्यात बसून आलेल्या पोराचं डोकं असं नसतं.

एकोणीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला ‘का रडतोस’ असं विचारलं नव्हतं. ते त्यांच्या कामात बसत नव्हतं.

“मावशी!” मॅनेजर दातांतल्या दातांत म्हणाला.

मावशींनी लॉलीपॉप स्वतःच्याच तोंडात घातला.

“आमच्यापुढे फक्त चारच जण राहिले होते,” मुलगी हुंदके देत ताईसाहेबांना म्हणाली. “तेवढ्यात ते काका म्हणाले, वेळ संपली. मी अजून कशातच बसले नाही.”